इंजिन कव्हरला गेलेला तडा आणि तेलगळती : घरच्या घरी केलेली दुरुस्ती कितपत भरवशाची?

रानवाट :

नमस्कार. माझी मोटारसायकल उभी असताना उजव्या बाजूला कलंडली आणि क्लच कव्हरचा खालचा, पुढच्या चाकाकडचा भाग नेमका एका टोकदार दगडावर आपटला. कव्हरचा तुकडा उडालेला नाही, पण साधारण चार सेंटिमीटर लांबीची बारीक चीर पडली असून तिच्यातून तेल पाझरते. गाडी रात्रभर उभी राहिली की खाली तळहाताएवढा डाग पडतो. चीर कोणत्याही बोल्टच्या भोकापर्यंत गेलेली दिसत नाही आणि पॅकिंग बसते त्या कडेपासूनही ती बरीच दूर आहे.

या गाडीचे उत्पादन केव्हाच थांबले आहे. जुने पण धड कव्हर मिळते का याचा शोध चालू आहे, परंतु तोवर गाडी नुसती उभी ठेवण्याऐवजी आहे तेच कव्हर घरी दुरुस्त करावे असा विचार आहे. माझ्याकडे ड्रिल, कानशी, हॉट एअर गन आणि टॉर्क पाना आहे. वेल्डिंगची सोय नाही. दोन भाग मिसळून लावायचे धातुमिश्रित इपॉक्सी अशा ठिकाणी खरोखर टिकते का, ते आतून लावावे की बाहेरून, आणि कोणत्या परिस्थितीत हा नाद सोडून द्यावा, हे ज्यांनी स्वतः केले आहे त्यांच्याकडून जाणून घ्यायचे आहे.

पानाफिरकी :

रानवाट, दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी तेल चिरेतूनच येते आहे याची खात्री करून घ्या. तेल जिथे दिसते तिथूनच ते गळत असेल असे नाही. गाडी चालताना वाऱ्यामुळे ते मागे आणि खाली पसरते, त्यामुळे वरच्या पॅकिंगमधून किंवा किक शाफ्टच्या ऑइल सीलमधून आलेले तेल ओघळून चिरेत साचते आणि सगळा दोष चिरेवर जातो. गाडी पडली तेव्हा किकवर किंवा ब्रेक पेडलवर भार आला असेल तर त्या सीललाही इजा झालेली असू शकते.

कव्हर बाहेरून स्वच्छ धुवा, पूर्ण कोरडे करा, त्यावर खडूची बारीक पूड सर्वत्र भुरभुरवा आणि इंजिन काही मिनिटे जागेवरच चालू ठेवा. पूड सर्वांत आधी जिथे काळवंडेल तिथे गळतीचे मूळ आहे.

आणि एक कळकळीची विनंती. तोपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका. कव्हरखाली जमलेले तेल मागच्या टायरवर उडते आणि वळणावर गाडी कलली की तोच तेलकट भाग रस्त्याला टेकतो. तेलाची पातळी घटून इंजिन खराब होण्याच्या आधीच हा धोका उभा राहतो.

धूळपाटी :

याच विषयाची माहिती शोधत होतो. वाचनखूण साठवली आहे.

शिलेदार :

माझे मत स्पष्ट आहे. धातूचा तडा धातूनेच भरला पाहिजे आणि त्यासाठी आर्गन वेल्डिंगशिवाय दुसरा मार्ग नाही. इपॉक्सी म्हणजे शेवटी गोंदच. इंजिन रोज तापते, रोज थंड होते, शिवाय सतत हादरते. अशा ठिकाणी चिकटवलेली वस्तू आज ना उद्या सुटणार. कव्हर सोडवून चांगल्या वेल्डरकडे न्यावे आणि एकदाच काय ते काम करून घ्यावे.

फक्त एक काळजी घ्यावी. वेल्डिंगला नेण्यापूर्वी कव्हर कोणत्या द्रावणाने धुतले आहे हे वेल्डरला अवश्य सांगावे. काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीनयुक्त द्रावण असते आणि त्याचा अंश धातूवर राहिला तर वेल्डिंगच्या ज्योतीत त्यापासून फॉस्जीन हा प्राणघातक वायू तयार होतो. साफसफाईसाठी ॲसिटोन वापरावे आणि ते पूर्णपणे उडून जाऊ द्यावे.

धातुवेध :

शिलेदार यांनी दिलेली फॉस्जीनची सूचना अत्यंत महत्त्वाची आहे; ती सर्वांनी लक्षात ठेवावी. मात्र ‘वेल्डिंगशिवाय मार्ग नाही’ हे मला मान्य नाही. माझा ओतकामाशी रोजचा संबंध आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

बहुतेक मोटारसायकलींची कव्हरे डाय कास्टिंगने, म्हणजे वितळलेले ॲल्युमिनियम मोठ्या दाबाने पोलादी साच्यात घुसवून तयार केलेली असतात. यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या एडीसी१२ या मिश्रधातूत सुमारे १० ते १२ टक्के सिलिकॉन आणि दीड ते साडेतीन टक्के तांबे असते. हा धातू साच्यात छान पसरतो, पण तो इतक्या वेगाने आत शिरतो की त्याच्याबरोबर हवाही कोंडली जाते आणि भिंतीच्या पोटात सूक्ष्म पोकळ्या राहतात. वेल्डिंग करताना तो भाग पुन्हा वितळला की कोंडलेली हवा फसफसून बाहेर येते आणि सांध्यात भोके पडतात. त्यात वर्षानुवर्षे त्या पोकळ्यांत मुरलेले तेल जळून काजळी करते, ती वेगळीच. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते, हा मिश्रधातू तर ५०० अंशांच्या थोड्या वरच मऊ पडू लागतो, पण पृष्ठभागावरचा ॲल्युमिनियम ऑक्साइडचा थर २००० अंशांपेक्षाही जास्त तापमानाला वितळतो. म्हणूनच हे काम सराईत वेल्डरचे आहे, आणि सराईत वेल्डरसुद्धा डाय कास्टिंग हातात घेताना कुरकुरतो. शिवाय तीन-चार मिलिमीटर जाडीचे कव्हर एका जागी तापले की वाकते आणि पॅकिंगची कड सपाट राहत नाही.

माझ्या मते पहिला प्रश्न ‘वेल्डिंग की इपॉक्सी’ हा नसून ‘त्या जागी कव्हर कोणता भार वाहते’ हा आहे. बोल्टच्या भोकातून, बेअरिंगच्या खोबणीतून, किक शाफ्टच्या बुशमधून किंवा पॅकिंगच्या कडेतून तडा गेला असेल, तर तिथे ताण असतो. तिथे इपॉक्सी लावू नये. तिथे कव्हर बदलावे, आणि ते मिळतच नसेल तर वेल्डिंग करून कड मशीनवर सपाट करून घ्यावी. पण तडा नुसत्या मधल्या भिंतीत असेल, तर त्या भिंतीचे काम केवळ तेल आत आणि धूळ बाहेर ठेवण्याचे आहे. तिथे इपॉक्सी उत्तम चालते, मात्र पृष्ठभाग नीट तयार केला असेल तरच.

आणखी एक तपासणी. काही गाड्यांची कव्हरे मॅग्नेशियमची असतात. आतल्या बाजूला कोपऱ्यात रंग नसलेल्या जागी थोडे घासून व्हिनेगरचा एक थेंब टाका. मॅग्नेशियम असेल तर लगेच बुडबुडे येतात, ॲल्युमिनियम असेल तर थेंब शांत पडून राहतो. मॅग्नेशियमचा कीस पेट घेतो आणि त्यावर पाणी टाकले तर आग अधिकच भडकते, त्यामुळे हे कळल्याशिवाय ड्रिल किंवा ग्राइंडर लावू नये.

कोनमापक :

कव्हरच्या आतून तेलाची वाहिनी जाते का, हेही पाहावे. पुष्कळ इंजिनांत तेलाच्या फिल्टरची जागा क्लच कव्हरमध्येच असते आणि तिथून पंपाने ढकललेले तेल दाबाखाली वाहते. ती वाहिनी चिरली असेल तर साध्या भिंतीचे नियम तिला लागू होत नाहीत.

रानवाट :

सर्वांचे आभार. खडूची पूड लावून पाहिली. पॅकिंग आणि किक शाफ्टचे सील दोन्ही कोरडे राहिले आणि पूड चिरेच्या मधोमधच भिजली. कव्हर आता सोडवून बाकावर ठेवले आहे. व्हिनेगरला काहीही प्रतिक्रिया आली नाही, म्हणजे धातू ॲल्युमिनियमच आहे. तेलाची वाहिनी कव्हरच्या वरच्या मागच्या कोपऱ्यात आहे आणि चीर तिच्यापासून दूर, मोकळ्या भिंतीत आहे. आतल्या बाजूने पाहिले तर चीर बाहेर दिसते त्यापेक्षा लांब वाटते. नेमकी कुठे संपते ते डोळ्यांना कळत नाही. आता पुढे काय करावे?

सुमेधा :

रानवाट, तुमची चीर मोकळ्या भिंतीत आहे, म्हणजे हे काम घरी होण्यासारखे आहे. मी अशी कव्हरे दुरुस्त केली आहेत आणि ती टिकलेली आहेत, म्हणून माझी पद्धत सविस्तर लिहिते. यातला सर्वांत मोठा वेळ इपॉक्सी लावण्यात जात नाही, तेल काढण्यात जातो. इपॉक्सी सुटल्याच्या तक्रारी मी जिथे जिथे खोदून विचारल्या, तिथे इपॉक्सी सुटलेले नव्हते. त्याच्या खालचे तेल सुटून वर आले होते.

आधी चिरेची खरी टोके शोधा. कव्हर पुसून चिरेवर रॉकेल लावा, थोडा वेळ मुरू द्या, मग कोरड्या फडक्याने पृष्ठभाग स्वच्छ पुसा आणि वरून खडूची पूड टाका. चिरेत शिरलेले रॉकेल पुडीत ओढले जाते आणि एक ओली रेघ उमटते. ही रेघ जिथे संपते तिथे चीर संपते. दोन्ही बाजूंनी हे करून अणकुचीदार सळईने टोकांवर खुणा करा.

मग कव्हरमधून ऑइल सील, बेअरिंग, ओ-रिंग, जे काही उष्णतेने खराब होईल ते सगळे काढून ठेवा. कव्हर डिटर्जंट आणि गरम पाण्याने धुवा, वाळवा, ॲसिटोनने पुसा. एवढ्यावर कव्हर स्वच्छ दिसू लागते, पण ते स्वच्छ झालेले नसते. हॉट एअर गनने चिरेचा भाग हळूहळू तापवा, हाताला चटका बसेल इतका तापवा. आता चिरेकडे बारकाईने पाहा. कोरड्या दिसणाऱ्या रेघेतून तपकिरी तेलाचे टाचणीच्या डोक्याएवढे थेंब एकेक करून वर येतील आणि कडेने पसरतील. ते पुसा, कव्हर थंड होऊ द्या, ॲसिटोन लावा, ते पूर्ण उडू द्या आणि पुन्हा तापवा. तापवूनही पांढऱ्या कापडावर डाग उमटत नाही अशी वेळ येईपर्यंत हे करत राहायचे आहे. ॲसिटोन अत्यंत ज्वालाग्राही आहे, म्हणून ते लावलेले असताना हॉट एअर गन जवळपासही चालू नसावी, आणि काम खिडक्या उघड्या ठेवूनच करावे.

तेल निघाल्यावर चीर बाहेरच्या बाजूने कानशीच्या टोकाने किंवा बारीक बरने (ड्रिलला लावायच्या खरवडणाऱ्या टोकाने) इंग्रजी व्ही आकारात उघडा. खोली भिंतीच्या जाडीच्या निम्म्यापर्यंत पुरे. चिरेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन सेंटिमीटरपर्यंत रंग पूर्ण काढा आणि ८० नंबरच्या पॉलिश पेपरने आडवे-उभे ओरखडे पाडा. गुळगुळीत चकचकीत धातूला इपॉक्सी धरत नाही, खरखरीत धातूला धरते. घासल्यावर पुन्हा चिरेवर तेल आले का ते पाहा; बहुतेक वेळा थोडेसे येतेच. शेवटचे ॲसिटोन उडाल्यावर त्या भागाला बोट लावू नका आणि लगेच इपॉक्सी लावा, कारण ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा नवा थर हवेत लागलीच धरू लागतो.

इपॉक्सी सावकाश घट्ट होणारे घ्या. पाच मिनिटांत घट्ट होणारी मिश्रणे उष्णतेला कमी टिकतात. दोन्ही भाग सांगितलेल्या प्रमाणातच घ्या. ‘हार्डनर जास्त घातला म्हणजे लवकर आणि जास्त घट्ट होईल’ ही समजूत चुकीची आहे, उलट जास्तीचा हार्डनर तसाच राहून मिश्रण कमकुवत होते. कव्हर कोमट असताना लावले तर इपॉक्सी पातळ होऊन खोल शिरते. पहिला थर नुसता भरू नका, टोकदार काडीने चिरेत रगडून घासा, आणि मग वर भरा. हातमोजे घालायला विसरू नका, कारण इपॉक्सीच्या हार्डनरची त्वचेला कायमची ॲलर्जी होऊ शकते, आणि एकदा ती झाली की पुढे थोडासा स्पर्शही सहन होत नाही.

पूर्ण घट्ट होऊ द्या. वरून कडक लागले म्हणजे ते झाले असे नाही. जे-बी वेल्ड या नावाने मिळणाऱ्या इपॉक्सीच्या मूळ सावकाश प्रकाराला १५ ते २४ तास लागतात आणि थंड हवेत त्याहूनही जास्त.

कुंपण :

सुमेधाताई, ‘इपॉक्सीच्या खालचे तेल सुटून वर आले होते’ हे वाक्य या धाग्याच्या माथ्यावर लावून ठेवायला हवे. अतिशय उपयुक्त प्रतिसाद.

पानाफिरकी :

सुमेधाताईंच्या पद्धतीत एक भर घालतो. रॉकेल-खडूने चिरेची टोके सापडली की दोन्ही टोकांवर २ ते ३ मिलिमीटरचे भोक पाडावे. चिरेच्या अणकुचीदार टोकाशी ताण एकवटतो आणि चीर पुढे सरकते. तिथे गोल भोक असले की तो ताण पसरतो आणि चीर थांबते.

कोनमापक :

या भोकांबद्दल मला शंका आहे. पत्र्यात किंवा चासीत ते ठीक आहे, पण तेल अडवण्यासाठी असलेल्या भिंतीत आपण होऊन दोन आरपार भोके पाडणे म्हणजे गळतीला दोन नव्या जागा करून देणे आहे. चीर वाढवणारा ताण त्या भिंतीत आहेच कुठे? चीर पडली ती दगडाच्या एका आघाताने, रोजच्या भाराने नव्हे.

धातुवेध :

कोनमापक यांचा मुद्दा विचार करण्याजोगा आहे. आघाताने पडलेली चीर आणि वारंवार येणाऱ्या भाराने हळूहळू वाढलेली चीर, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तरीही मी पानाफिरकी यांच्या बाजूने आहे. कव्हर तापते आणि थंड होते तेव्हा त्याची जाडी सर्वत्र सारखी नसल्यामुळे काही भाग आधी प्रसरण पावतो, काही नंतर. शिवाय इंजिनाचे हादरे आहेतच. हा ताण छोटा असला तरी तो हजारो वेळा येतो, आणि डाय कास्टिंगचा मिश्रधातू वाकण्याऐवजी तडकणारा आहे. भोकांमुळे गळती वाढेल ही भीती रास्त आहे, पण दोन मिलिमीटरचे भोक भरणे बारीक चीर भरण्यापेक्षा पुष्कळ सोपे असते. बाहेरून त्याचे तोंड थोडे रुंद करावे, म्हणजे इपॉक्सी खिळ्याच्या डोक्यासारखे त्यात बसते.

खरी अडचण वेगळी आहे. भोक चिरेच्या टोकावरच पडले पाहिजे. ते टोकाच्या अलीकडे पडले तर चीर भोकाच्या पलीकडे उरते आणि भोकाचा काहीही उपयोग होत नाही. म्हणून भोक पाडल्यावर रॉकेल-खडूची तपासणी पुन्हा करावी, आणि त्यानंतर चिरेत शिरलेले रॉकेल तापवून, ॲसिटोन लावून पुन्हा काढावे.

शिलेदार :

प्रसरणाचा विषय निघालाच आहे तर मला हेच विचारायचे आहे. ॲल्युमिनियम आणि इपॉक्सी वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावत असतील, तर सांधा सुटणारच ना?

धातुवेध :

आकडे मांडून पाहू. ॲल्युमिनियमची एक मीटर लांबी दर अंश सेल्सिअसला साधारण २३ मायक्रोमीटरने वाढते. कव्हरचा १०० मिलिमीटरचा भाग ८० अंशांनी तापला तर तो सुमारे ०.१८ मिलिमीटरने वाढेल. नुसत्या इपॉक्सीचे प्रसरण याच्या दुपटीहून जास्त असते, पण धातूची पूड मिसळली की ते बरेच खाली येते. शिवाय तुमच्या चिरेतला इपॉक्सीचा पट्टा रुंदीला चार-पाच मिलिमीटरच असणार. एवढ्या रुंदीत दोहोंतला फरक काही मायक्रोमीटरचा होतो, आणि स्वच्छ, खरखरीत पृष्ठभागावरचा सांधा तो सहज सोसतो. म्हणूनच पट्टा बेताचा असावा. भीती वाटली म्हणून अर्ध्या कव्हरवर जाड लेप थापणारे लोक स्वतःच्या हाताने हा फरक वाढवत असतात.

तापमानाचे म्हणाल तर इंजिनातले तेल सामान्यतः ९० ते १२० अंशांपर्यंत जाते. सुमेधा यांनी वर उल्लेखलेल्या जे-बी वेल्डच्या मूळ सावकाश प्रकाराची उत्पादकाने दिलेली मर्यादा २८७ अंशांची आहे. अर्थात मर्यादेच्या बरेच आधीपासून इपॉक्सी मऊ पडू लागते, म्हणून सिलिंडर हेडजवळ किंवा सायलेन्सरच्या नळीलगत मी ते वापरणार नाही. क्लच कव्हरच्या तळाशी मात्र चिंता नाही.

रानवाट :

धातुवेध, पट्ट्याचे गणित समजले. आता आतून-बाहेरून या प्रश्नावर कोणी लिहील का? मला वाटत होते की तेल आतून बाहेर ढकलले जाते, म्हणून लेप आतून लावला तर तो भिंतीवर दाबला जाईल आणि जास्त टिकेल.

चक्रधर :

मी आतूनच लावतो. बाहेरून लावलेला लेप दगड-गोटे लागून निघतो, दिसायलाही वाईट दिसतो.

सुमेधा :

रानवाट, दाबाचा विचार तत्त्वतः बरोबर आहे, पण मोकळ्या भिंतीमागे पंपाचा दाब नसतो. तेल नुसते उडून भिंतीवर आदळते आणि खाली ओघळते. ब्रीदरची (इंजिनाच्या आतली हवा बाहेर सोडणारी) नळी तुंबली असेल तर इंजिनाच्या पोटात दाब साठतो आणि मग चिरेतूनच काय, धड सीलमधूनही तेल बाहेर येते, म्हणून ती नळी मात्र जरूर तपासावी.

आतल्या लेपाबद्दलची माझी भीती वेगळी आहे. बाहेरचा लेप सुटला तर तेल गळते आणि ते दिसते. आतला लेप सुटला तर त्याचा तुकडा फिरत्या क्लचवर किंवा दात्यांत जातो, नाहीतर तेलाच्या जाळीत अडकतो, आणि हे आपल्याला बाहेरून कळत नाही. म्हणून मी मुख्य भरण बाहेरून करते आणि आतून फक्त चिरेच्या रेषेवर, दोन्ही बाजूंना सेंटिमीटरभर, पातळ थर देते. तो थर वाळल्यावर कडा घासून उतरत्या करते, म्हणजे उचलला जाईल असा काठच राहत नाही. इपॉक्सीत काचतंतूच्या कापडाची पट्टी बुडवून बसवायची असेल तर ती बाहेरच्या बाजूला बसवावी.

आतून काहीही लावण्यापूर्वी मोकळी जागा किती आहे ते मोजलेच पाहिजे. क्लच बास्केट काही कव्हरांत भिंतीच्या अगदी लगत फिरते. चिरेच्या जागी आतून मुलांच्या खेळण्यातल्या मऊ मातीची गोळी चिकटवा, समोरच्या भागाला थोडे तेल लावा, कव्हर पॅकिंगसह बसवून बोल्ट हलके आवळा आणि पुन्हा काढा. दबलेल्या गोळीची जाडी म्हणजे तिथली मोकळी जागा. क्लच हाताने थोडा थोडा फिरवून ही तपासणी दोन-तीन स्थितींत करा.

चक्रधर :

तेलाच्या जाळीचा मुद्दा पटला. यापुढे मीही मुख्य भरण बाहेरूनच करीन. दिसण्याचा प्रश्न रंगाने सुटतो.

धूळपाटी :

सिलिकॉन गॅस्केट मेकर चिरेवर लावले तर चालणार नाही का? ते तर तेलाला टिकते.

पानाफिरकी :

नाही. ते दोन सपाट कडांमध्ये दाबून बसण्यासाठी बनवलेले असते. उघड्या चिरेवर बाहेरून लावले तर मागून येणारे तेल त्याला उचलते आणि आतून लावले तर त्याचे लवचीक तुकडे सुटून जाळीत जातात. पॅकिंगसोबतही ते वापरायचे असेल तर अगदी पातळ रेघच ओढावी.

शिलेदार :

ॲल्युमिनियम जोडण्यासाठी कमी तापमानाला वितळणाऱ्या कांड्या मिळतात, त्यांचा उल्लेख कोणी केला नाही. जस्तप्रधान कांड्या ४०० अंशांच्या आतबाहेर वितळतात आणि गॅसच्या ज्योतीवर काम होते.

धातुवेध :

होते, पण ज्योतीने कांडी वितळवायची नसते; कव्हर इतके तापवायचे असते की कांडी नुसत्या स्पर्शाने वितळेल, आणि त्याच वेळी स्टीलच्या ब्रशने किंवा कांडीनेच खरवडून वितळलेल्या धातूखालचा ऑक्साइड फोडावा लागतो. मोठे, पातळ कव्हर सगळीकडे सारखे ४०० अंशांपर्यंत नेणे घरी कठीण असते, आणि एकाच जागी तापवले तर ते वाकते. ॲल्युमिनियम तापून लाल होत नाही, त्यामुळे आता ते कोसळेल याचा इशाराही डोळ्यांना मिळत नाही. तुटलेला कान किंवा छोटा तुकडा जोडायला या कांड्या उत्तम आहेत. या कव्हरसाठी मी त्या सुचवणार नाही.

कुंपण :

एक अवांतर शंका. गाडीला क्रॅश गार्ड असता तर कव्हर वाचले असते का?

पानाफिरकी :

सपाट जमिनीवर बहुधा वाचले असते. टोकदार दगड गार्डच्या मधल्या मोकळ्या जागेतून कव्हरला लागला असता तर नाही. आणि गार्ड कव्हरच्या फार जवळून जात असेल तर पडल्यावर तोच वाकून कव्हरवर आदळतो. गार्ड घेताना दोहोंत पुरेसे अंतर आहे का, ते पाहावे.

कोनमापक :

पुन्हा मूळ विषयाकडे येतो. कव्हर परत बसवण्याबद्दल कोणी लिहिलेले नाही आणि नीट भरलेली चीर पुष्कळदा तिथेच बिघडते. कव्हरचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर कव्हरची आकृती काढून ज्या त्या जागी तो तो बोल्ट टोचून ठेवलेला असावा. लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर तो तळाला टेकतो, कव्हर आवळल्यासारखे वाटते पण आवळलेले नसते, आणि जोर केला तर ओतीव भागालाच तडा जातो. कव्हर काढताना बोथट पेचकस कडेत घालून उचकटलेले असेल तर त्या कडेवर उंचवटा राहतो. सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून कड त्यावर इंग्रजी आठाच्या आकारात हलक्या हाताने फिरवावी. उंचवटे चमकून दिसतात. डॉवेल पिना (कव्हर नेमक्या जागी बसवणाऱ्या छोट्या खुंट्या) जागेवर आहेत का पाहावे, पॅकिंग नवेच घ्यावे, किक शाफ्टच्या खाचांवर चिकटपट्टी गुंडाळून मगच सील त्यावरून सरकवावे. सहा मिलिमीटरच्या बोल्टला साधारण १० ते १२ न्यूटन मीटर टॉर्क लागतो. तरी आपल्या गाडीच्या पुस्तिकेतला आकडा अंतिम मानावा. समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने, दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत. दुरुस्त केलेल्या कव्हरला असमान आवळल्याचा पीळ बसता कामा नये.

रानवाट :

कोनमापक यांनी सांगितलेले अजून करायचे आहे, कारण कव्हर अद्याप बाकावरच आहे. काम कुठवर आले ते कळवतो.

सुमेधाताईंच्या पद्धतीने तेल काढले. थेंब वर येणे थांबेल असे सुरुवातीला वाटलेच नव्हते, पण शेवटी कापड कोरडे राहिले. टोकांवर अडीच मिलिमीटरची भोके पाडून, बाहेरून तोंडे रुंद करून, सावकाश घट्ट होणारे धातुमिश्रित इपॉक्सी भरले. आत मातीच्या गोळीने मोजता पाच मिलिमीटरहून थोडी जास्त जागा निघाली, म्हणून आतून पातळ थरही दिला. घट्ट झाल्यावर कव्हर उताणे ठेवून त्यात रॉकेल ओतले आणि खाली वर्तमानपत्राचा कोरा कागद ठेवला. सकाळी चिरेची सगळी रेघ कोरडी होती, पण पुढच्या भोकाच्या पलीकडे, जिथे चीर नाही असे मी धरले होते, तिथे कागदावर गव्हाच्या दाण्याएवढा ओला ठिपका होता.

धातुवेध :

रॉकेल तेलापेक्षा पुष्कळ पातळ असते, त्यामुळे ही परीक्षा प्रत्यक्षापेक्षा कठीण आहे. तरी ठिपका दुर्लक्षू नका. चीर भोकाच्या पुढे गेली आहे. डाय कास्टिंगमध्ये चीर कधी कधी पृष्ठभागाखालच्या पोकळीत शिरते आणि थोड्या अंतरावर पुन्हा वर येते. मधला भाग अखंड दिसतो, म्हणून खडूची रेघही तिथे तुटते. ठिपक्याच्या जागेपासून चार-पाच मिलिमीटर पुढे नवे भोक घ्या आणि जुन्या भोकापासून तिथपर्यंतचा भाग व्ही आकारात उघडा. झालेले भरण काढण्याची गरज नाही. त्याची लगतची कड खरखरीत करून नवे इपॉक्सी त्यावर थोडे चढवा.

सुमेधा :

आणि रॉकेल आत गेलेले आहे, तेव्हा तापवणे-पुसणे त्या जागी पुन्हा पहिल्यापासून. तिथे घाई करू नका. इपॉक्सी भरलेल्या भागावर मात्र हॉट एअर गन फार जवळ धरू नका.

रानवाट :

तसेच केले. नवे भोक पाडताना ड्रिलच्या टोकाला खरोखरच एक पोकळी लागली. बिट एकदम आत गेल्यासारखे झाले. दुसऱ्या रॉकेल-परीक्षेत कागद कोरडा राहिला. पॅकिंग आले की कव्हर बसवतो.

विसावा :

उशिरा वाचतो आहे. माझ्या पाण्याने थंड होणाऱ्या गाडीत पाण्याचा पंप याच कव्हरमध्ये आहे आणि चीर पंपाच्या बाजूला आहे. हीच पद्धत चालेल का?

धातुवेध :

विसावा, तुमच्या बाबतीत उत्तर नाही असे आहे. कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) बाजूला इंजिन तापल्यावर दाब असतो. रेडिएटरची झाकणे सर्वसाधारणपणे १.१ बारच्या आसपास उघडतात, म्हणजे तोवर तो दाब चिरेवर राहतो. गरम पाणी आणि ग्लायकॉल यांच्या सततच्या सहवासात इपॉक्सीचा सांधा तेलापेक्षा लवकर कमकुवत होतो. त्याहून वाईट म्हणजे चीर पंप आणि तेल यांच्या मधल्या भिंतीत असेल तर गळती बाहेर दिसतच नाही. कूलंट तेलात मिसळते आणि तेल दुधाळ होते. तेल तपासायच्या काचेतून रंग पाहा. दुधाळ दिसले तर इंजिन चालू करू नका, तेल काढून टाका आणि कव्हर बदला. तेल स्वच्छ असेल आणि चीर फक्त बाहेरच्या भिंतीत असेल, तर सराईत वेल्डरला दाखवा. तिथे मी शिलेदार यांच्याशी सहमत आहे.

शिलेदार :

विसावा, वेल्डरकडे नेण्यापूर्वी पंपाचे सील आणि बेअरिंग काढून घ्या, आणि काम झाल्यावर पंपाच्या खोबणीची गोलाई मोजून घेतल्याशिवाय नवे सील बसवू नका. उष्णतेने ती खोबण किंचित जरी लंबगोल झाली असेल, तर नवे सीलही तिथे गळेल.